वायसर बिघडलाय, पाणी येईना

दाजी, काल तुमच्या गाडीच्या काचेवर पाणी आलं. दोन्ही बाजूंनी आलं, चांगलं जोरात आलं, आणि वायपरनं काच लख्ख पुसली. तुम्ही असतात तर कमरेवर हात ठेवून गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला असतात, "बग तम्मा, जमतंय की न्हाई?" तुम्ही नाही, म्हणून हे सांगायचं काम माझ्याकडे आलं.

गेलेल्या माणसाबद्दल चांगलं लिहावं म्हणतात. तुमच्याबद्दल वाईट लिहायला बसलो तरी मला चार ओळींच्या वर काही सुचणार नाही. वाईट लिहायचंय ते माझ्याबद्दल. तुम्हाला माती देऊन आलो त्या दिवसापासून एक वाक्य माझ्या डोक्यातून हलत नाही, आणि ते वाक्य माझंच आहे. तुम्ही माझ्या ऑफिसात फोन केलात, ये म्हणालात, आणि मी तुम्हाला अर्ज द्यायला सांगितलं. सख्ख्या बहिणीच्या नवऱ्याला. अर्ज.

तुम्ही ते वाक्य मनात घेऊन गेलात का, एवढंच मला कळायला हवंय. रागावून गेलात, की मेव्हणा मूर्ख आहे म्हणून सोडून दिलंत?

गाडी आली तो दिवस मला आठवतो. कुणा डॉक्टरची वापरलेली, राखाडी रंगाची, दाराला पोचा आलेली. चादरी आणि टॉवेलांचे गठ्ठे घेऊन एसटीच्या टपावर चढवणं-उतरवणं तुम्ही इतकी वर्षं केलंत की गाडी घेतल्यावर पहिले काही दिवस तुम्ही ती चालवण्यापेक्षा नुसती बघत उभे राहायचात. मला हाताला धरून आत बसवलंत, माझ्या बहिणीला, अक्काला, दारात उभं केलंत, आणि डॅशबोर्डवरचं एक काळं बटण दाबलंत. काचेवर पाण्याच्या दोन धारा उडाल्या. "ह्याला म्हणत्यात वायसर," तुम्ही म्हणालात.

मी पाणीखात्यातला माणूस. आमच्यात वायसर म्हणजे नळाच्या आतली रबराची चकती. मी पोट धरून हसलो. म्हटलं, दाजी, ह्याला वॉशर म्हणतात, वायसर नळाला असतो. तुम्ही जरासुद्धा न ओशाळता म्हणालात, "तितं बी पाणी, हितं बी पाणी. नाव एकच ऱ्हाऊ दे की." त्यानंतर मी तुम्हाला चारचौघांत 'वायसरवाले' म्हणायला लागलो आणि तुम्हीही ते नाव हौसेनं लावून घेतलंत. हे सगळं मला ठाऊक होतं, दाजी. फोनच्या दिवशी ते कुठे गेलं होतं, हे मलाच मला विचारायचं आहे.

तुमच्याबरोबर श्रीपूरला आलो होतो, ते दुष्काळाच्या आदल्या हंगामातलं. टेंभुर्णीला दुकानदारांकडे चादरी उतरवून आपण तिकडे वळलो. अक्कानं कडक भाकरी आणि शेंगाची चटणी बांधून दिली होती, ती तुम्ही एका हातानं खात होतात आणि एका हातानं स्टिअरिंग धरत होतात, आणि मी जीव मुठीत धरून बसलो होतो. साखर कारखाना सुरू होता. चिमणीतून काजळीचे बारीक कण उडत होते, काचेवर बसत होते, आणि तुम्ही थोड्या थोड्या वेळानं ते बटण दाबत होतात. मला ते गाडीचे लाड वाटले. मग दिवस मावळला आणि पुढे उसाच्या बैलगाड्या लागल्या. एकीलाही दिवा नाही. काळोखात नुसतं उसाचं पाचट हलताना दिसायचं, आणि तेही काच स्वच्छ होती म्हणून. एका गाडीवर मागे, उसाच्या मोळ्यांवर, एक बाई पोराला पदराखाली घेऊन झोपली होती. तुम्ही गाडी अगदी सावकाश बाजूनं काढलीत आणि पुन्हा एकदा बटण दाबलंत. नंतर म्हणालात, "मला गाड्या दिसाय पायजेत बग. बाकी कायबी बिघडू दे."

मी ऐकलं आणि विसरलो. मला ऐकून विसरायची सवय आहे, खात्यात तिचा उपयोग होतो.

मग बहात्तरचा दुष्काळ. त्याचं वर्णन तुम्हाला कशाला सांगू? तुम्ही रोज त्या रस्त्यांवरनं जात होतात, दुतर्फा खडी फोडणारी माणसं बघत होतात. मी मात्र सोलापुरात नळाच्या चाव्या घेऊन बसलो होतो. ज्या गल्लीत जाईन तिथे बाया घागरी घेऊन अंगावर यायच्या. घरी आलो तर दारात शेजारी. नातेवाइकांची तर गोष्टच सोडा. ज्यांनी माझ्या लग्नाला यायला सवड काढली नव्हती ते नातं सांगत यायचे, आमच्या लाइनला जरा जास्त वेळ सोडा म्हणायचे. तुम्ही कधी आला नाहीत. अक्काही आली नाही. हे माझ्या तेव्हा लक्षात आलं नाही, कारण न मागणाऱ्याकडे बघायला त्या वर्षी मला फुरसत नव्हती. मी चिडका होतोच, त्या वर्षी पुरता कडू झालो.

त्याच उन्हाळ्यात माझ्या धाकटीचं बारसं झालं. पंगत बसली होती. कुणीतरी तुमच्या गाडीचं कौतुक केलं, रस्त्यांवर एवढा फुफाटा असून काच कशी आरशासारखी आहे म्हणाला. आणि मी, वाढता वाढता, हातात तुपाचं भांडं, सगळ्यांना ऐकू जाईल असं बोललो, "का नसंल? लोकांच्या घागरी कोरड्या पडल्यात, पण आमच्या दाजींच्या काचेला रोज अंघोळ हाय!"

पंगत हसली. तुम्हीही हसलात. शेंगाची पोळी अर्धी झाली होती ती तुम्ही पूर्ण खाल्लीत, पानात काही टाकलं नाहीत, हात धुतलात, मुलीच्या हातावर काहीतरी ठेवलंत आणि अक्काला घेऊन गेलात. मला वाटलं, विनोद चांगला जमला. खरं सांगायचं तर मला थोडं पुण्य केल्यासारखंही वाटलं. पाण्याची उधळपट्टी करणाऱ्या माणसाला, मग तो घरचा का असेना, मी सुनावलं होतं.

त्यानंतर एकदा तुमच्याबरोबर माळशिरसला आलो तर काच धुळीनं माखलेली. कोरडा वायपर खरखर ओढत होता, काचेवर अर्धगोल ओरखडे उठले होते. तुम्ही मधूनच गाडी थांबवायचात, खाली उतरायचात आणि खांद्यावरच्या टॉवेलाला थुंकी लावून तुमच्या डोळ्यांसमोरचा तेवढा वीतभर भाग पुसायचात. मी विचारलं, "वायसर काय झाला?" तुम्ही म्हणालात, "पाण्याची बाटली उपडी घातली. उगं कशाला लोकांच्या डोळ्यावर." मी काय म्हणालो आठवतंय? मी "शाब्बास" म्हणालो.

ही शाब्बासकी मला फार लागते दाजी.

दुष्काळ सरला, पाऊस झाला, तळं भरलं. तक्रारी काही सरल्या नाहीत, त्या कधीच सरत नाहीत. त्या दिवशी सकाळपासून एका फुटलेल्या लाइनवरून वरचे साहेब माझ्या डोक्यावर बसले होते. मी टेबलाशी उभा राहून दोघा माणसांवर ओरडत होतो, आणि आमच्या कारकुनानं फोनवर हात न ठेवताच मला हाक मारली. "साहेब, तुमचे दाजी हायत. वायसर बिघडलाय, पाणी येईना झालंय म्हणत्यात. तम्माला येऊन जा म्हणावं म्हणाले."

तम्मा म्हटल्यावर दोघं-तिघं हसले. तम्मा म्हणजे धाकटा भाऊ, ऑफिसात मला तसं कुणी म्हणत नाही. मला त्या हसण्याचा राग आला आणि तो मी तुमच्यावर काढला. म्हणालो, "नळाचा वायसर बदलायला मी जाऊ? नळवाला बोलवा म्हणावं. आणि पाणीच येत नसंल तर खात्याकडं अर्ज द्या. पाव्हण्यांसाठी वेगळं पाणी नसतंय हितं!" या वेळी सगळं ऑफिस हसलं. कारकून फोनमध्ये सांगायला लागला, "ते म्हणत्यात की..." मग थांबला. फोन खाली ठेवला आणि म्हणाला, "त्यांनी ऐकलंय."

वायसर बिघडला तर पाणी गळतं, दाजी. यायचं थांबत नाही. खात्यात लागलेल्या नव्या पोरालाही हे पहिल्या आठवड्यात कळतं. तुमचा निरोप नळाचा असूच शकत नव्हता. मी क्षणभर थांबून तो नुसता ऐकला असता तरी पुरे होतं. वायसरवाले हे नाव तुम्हाला ठेवलं कुणी होतं?

संध्याकाळी मनात आलं, जाऊन यावं. तुमच्या गल्लीवरनंच माझा रस्ता. पण आपण बरोबर वागलो, नात्याला खात्यात आणलं नाही, असं मी स्वतःला समजावलं आणि सायकल सरळ घराकडे नेली. दुसऱ्या दिवशी कामात होतो. तिसऱ्या दिवशीही. मग पहाटे अक्काच्या शेजारचा माणूस दारात उभा राहिला. छातीत कळ आली, डॉक्टर येईपर्यंत सगळं आटपलं. मी पोचलो तेव्हा तुम्हाला बसवून, कपाळाला विभूती लावून ठेवलं होतं, आणि तुमचा चेहरा मला ओळख न दाखवणाऱ्या माणसासारखा वाटला.

माती देताना मी रडलो. लोकांनी मला धरलं. सगळे म्हणत होते, दाजी-मेव्हण्याचं प्रेम असावं तर असं. मला ते ऐकवत नव्हतं.

तरीही तोपर्यंत मी नळाच्याच समजुतीत होतो. वाईट वाटत होतं ते उर्मट बोललो म्हणून. कामात चुकलो असं वाटत नव्हतं. परवा पाहुणे पांगले, घर रिकामं झालं, तेव्हा मी अक्काला म्हणालो, "नळाचं बघतो तुझ्या, वायसर बिघडलाय न्हवं?" ती माझ्याकडे बघतच राहिली. "नळाला काय धाड भरलीय? चांगला चाललाय की." मग तिच्या ध्यानात आलं. म्हणाली, "गाडीचा रे. गाडीचा वायसर. काचंवर पाणी येईना झालंतं. त्यासाठी तुला बोलावलंतं त्यांनी."

मी ओट्यावर बसलो. अक्का आत गेली आणि गाडीची किल्ली घेऊन आली. "तेवढं काम करून टाक," म्हणाली. "त्यांचं ऱ्हायलेलं दुसरं काय न्हाई बग. तेवढंच हाय."

काल सकाळी आलो. मी गाड्यांतला जाणकार नाही, तुम्हाला माहीत आहे. पण बॉनेट उघडून बघितलं आणि मला हसू आलं. बाटली म्हणजे टाकी, तिच्यातून निघालेली रबरी नळी, मध्ये डॅशबोर्डच्या बटणामागेच बसवलेला पंप, पुढे पुन्हा नळी आणि शेवटी काचेखाली दोन बारीक तोंडं. आमचं अख्खं खातंच की हे. गल्लीत पाणी येत नसलं की आम्ही टाकीपासून निघतो आणि एकेक टप्पा तपासत जातो. मी तेच केलं. फक्त बॉनेटखाली बघणारा एक आणि आत बसून बटण दाबणारा एक, अशी दोन माणसं लागणार होती. अक्काला म्हटलं, तू बस. ती त्या गाडीत पुढे, स्टिअरिंगसमोर, कधी बसली नव्हती. पदर सावरून बसली आणि दोन्ही हात मांडीवर ठेवले.

बाटली भरली. "दाब," म्हटलं. काही नाही. काचेखालची नळी काढून हातात धरली, पुन्हा दाबायला सांगितलं. नळीतून नुसता दमेकऱ्यासारखा वारा आला. म्हणजे तोंडं बुजली असली नसली तरी पाणी तिथवर पोचतच नव्हतं. मग पंपाकडे जाणारी बाटलीतली नळी काढली आणि तोंडात धरून ओढली. खालच्या टोकाला काहीतरी अडलं होतं. जोर लावला तसं चूळभर पाणी तोंडात आलं.

खारट. दाजी, मी या गावाचं पाणी जिभेवर ओळखतो. मी बाटलीत घातलं होतं ते नळाचं, ते असं लागत नाही. तुम्ही शेवटचं भरलेलं नळीत साचून होतं, ते तुमच्या परसातल्या आडाचं. त्या आडाचं पाणी माणूस पीत नाही, भांडी घासली तर पांढरे डाग पडतात, डाळ शिजत नाही. मी नळी बाहेर काढली. टोकाच्या पितळी जाळीवर क्षारांचा पांढरा थर दगडासारखा बसला होता. एका दिवसाचा तो थर नव्हे.

मी अक्काला विचारलं, "दाजी ह्यात आडाचं पाणी घालायचे?"

"पयल्यापासनं आडाचंच. नळाचं थेंबभर घेतलं न्हाई कधी. म्हणायचे, काचंला काय गोडं आन् काय खारं."

"मग बारशाच्या दिवशी बोलले का न्हाईत? मी एवढं बोललो त्यांना..."

"तू इचारलंस व्हय?"

तिनं हे रागानं म्हटलं नाही. मला ते तसंच्या तसं लागलं. ज्या पाण्यानं कुणाची घागर भरणार नव्हती त्या पाण्यासाठी मी तुम्हाला भरल्या पंगतीत चोर ठरवलं. आणि तुम्ही पोळी पूर्ण खाऊन उठलात. एका वाक्यात माझं तोंड बंद करता आलं असतं तुम्हाला, दाजी, पण माझ्याच घरात, माझ्याच मुलीच्या बारशाला, तुम्ही ते केलं नाहीत. मी तुमच्या जागी असतो तर आडाचं पाणी आणून पंगतीत सगळ्यांना पाजलं असतं.

अक्कानं आतून चिंच आणली. देवाची भांडी घासावीत तशी ती जाळी तिनं चिंचेनं घासली, थर सुटला. आता पाणी तोंडानं ओढलं तर मोकळं यायला लागलं. नळ्या जोडल्या. "दाब." तिनं दाबलं आणि ओरडली, पाणी तिच्या गुडघ्यावर आलं होतं. म्हणजे पंपच गेलेला. आतलं रबर तडकलं होतं. पाण्यात राहणारं रबर कोरडं ठेवलं, वर क्षार वाळू दिला, की तडकणारच. वर्षभर बाटली उपडी कुणामुळे होती हे मला आता कुणी सांगायची गरज नव्हती. एकेक टप्पा तपासत आलो, आणि जिथे बिघाड सापडला तिथे मीच होतो.

म्हटलं, नवा पंप बघायला हवा. अक्का म्हणाली, "हाय की. पुढच्या कप्प्यात बग." खरंच होता, पुठ्ठ्याच्या खोक्यात, सुतळी बांधलेला. तुम्ही आणून ठेवला होता. तुम्ही सगळं तपासलं होतं, तुम्हाला कळलं होतं, सामान आणलं होतं, आणि काम मात्र सुरू केलं नव्हतं.

मी पाठीवर पडून डॅशबोर्डखाली शिरलो, डोकं ब्रेकच्या पेडलापाशी. पंपामागची चाकी, म्हणजे नट, सोडवायची तर पुढचं बटण कुणीतरी घट्ट धरून ठेवायला लागतं, नाहीतर सगळंच एकत्र फिरतं. अक्का शेजारच्या बाजूनं वाकून बटण धरून होती. तिच्या हातातली ताकद बघून मी म्हटलं, "अगं, तूच धरलं असतंस तर दाजींचं काम तवाच झालं असतं की."

वरून तिचा आवाज आला. "म्हटलं की मी. मी धरते, तुमी फिरवा म्हटलं. न्हाई म्हणाले. ह्याला तम्माच पायजे. बारशापासनं नीट बसला न्हाई आपल्यात, ह्या निमित्तानं यील."

मी खालीच पडून राहिलो. चाकी हातात आली होती तरी बाहेर आलो नाही. आता कळलं, तुम्हाला पंपासाठी माणूस नको होता. एकानं धरायचं आणि एकानं फिरवायचं असं काम तुम्ही जपून ठेवलं होतंत. बारशाचं काही काढायचं नाही, कुणी कुणाला समजवायचं नाही, नुसतं दोघांनी एका डॅशबोर्डखाली डोकी घालायची आणि नंतर चहा प्यायचा. तुम्हाला माफ करायचं होतं आणि माफ करताना माझी मान खाली जायला नको होती.

नवा पंप बसवला. नळ्या जोडून अक्काला दाबायला सांगितलं, तर काचेवर काही नाही आणि बाटलीत बुडबुडे. आत जाणारी आणि बाहेर येणारी नळी मी उलटी जोडली होती. पाणीखात्यातला माणूस! अक्कानं बॉनेटच्या बाजूनं डोकावून बाटली बघितली आणि हसली. तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदा. "त्यांनी आत्ता तुझं काय केलं असतं," म्हणाली. मला ठाऊक आहे तुम्ही काय केलं असतंत. गल्लीतल्या प्रत्येक घरात जाऊन सांगितलं असतंत आणि मरेपर्यंत ऐकवलं असतंत. ते ऐकायला मी आज काय वाटेल ते देईन.

नळ्या बदलल्या. स्टोच्या पिनेनं काचेखालची तोंडं मोकळी केली. अक्कानं बटण दाबलं, आणि पाणी आलं. मी वाकलेलोच होतो, निम्मं माझ्या तोंडावर आलं. वायपर सुरू केला. साचलेला फुफाटा चिखल होऊन खाली ओघळला आणि काच स्वच्छ झाली. ओरखडे तसेच आहेत, ते आता जायचे नाहीत. त्यांच्या पलीकडे अक्का बसलेली दिसत होती. कपाळ मोकळं.

मी खिडकीशी गेलो. मला वाटलं, आता विचारायची वेळ आहे. काम झालं होतं, ती थोडी हसली होती, आणि तुम्ही मला कशासाठी बोलावलं होतंत ते तिनंच सांगितलं होतं. उत्तर काय येणार हे मी मनात ठरवूनच टाकलं होतं. म्हटलं, "अक्का, फोनवर मी तसं बोललो. दाजी रागावले न्हवते न्हवं माझ्यावर?"

"रागावलेते की," ती म्हणाली. "लई रागावलेते."

मी खिडकीवर उडालेलं पाणी बाहीनं पुसत राहिलो.

"दुकानातनं फोन करून आले ते तसंच आत जाऊन बसले. जेवले न्हाईत. म्हणाले, त्याच्या हापिसातली माणसं मला हसली. मी ये म्हणतो आन् ह्यो अर्ज मागतो. परत त्यानं आपल्या दारात यायचं न्हाई."

"आन् मग? दुसऱ्या दिवशी?"

"दुसऱ्या दिवशी बी तसंच. तुझं नाव काढू दिलं न्हाई." तिनं पदरानं गुडघा पुसला. "त्यांचा राग असाच असायचा. बसायचे तोंड फुगवून, आन् मग एक दिवस आपणच निरोप धाडायचे. ह्या वक्ताला तेवढे दिवस गावले न्हाईत त्यास्नी. आता तुला बरं वाटावं म्हणून मी खोटं बोलू व्हय?"

नाही, दाजी, तिनं खोटं बोलू नये. पण मला खोटंच हवं होतं. तुम्ही हसून सोडून दिलंत, असं ती म्हणाली असती तर मी घरी जाऊन आठवड्यानं पहिल्यांदा पोटभर जेवलो असतो. ती सोय अक्कानं ठेवली नाही. तुम्ही रागावून गेलात. मला माफ करायचं तुमच्या मनात कधीतरी होतं, सामानासकट तयारी होती, आणि ते मीच एका वाक्यानं परत पाठवलं. आता त्याच्यात फरक करणारं कुणी उरलेलं नाही. माफी मागायला मी इथे बसलेलो नाही. मागितली तरी ती देणाऱ्याचा पत्ता माझ्याकडे नाही.

तुम्ही रागावायचात, निरोप धाडायचात, मग मी यायचो. आजवर तसंच चालत आलं. मी स्वतःहून तुमच्या दारात आलोय असं मला एकदाही आठवत नाही. काल अक्कानं चहा दिला, तो ओट्यावर बसून घेतला. उठताना ती म्हणाली, उद्या येशील का रे? मी हो म्हटलं. आज तुमचा निरोप नव्हता. तुम्ही दारात येऊ नको म्हणाला होतात. मी आलोय.